वाचकांचे प्रश्न: जागतिक विषय, कॉलेजचं सभागृह आणि हातात असलेला दीड तास

युद्ध, स्थलांतर, आपत्ती, सामाजिक बदल अशा विषयांवर विद्यापीठांत आणि कॉलेजांत कार्यक्रम घेणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांची अडचण आशयापेक्षा आखणीची आहे, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचा पाच दिवसांचा सप्ताह ठरला आहे. नाव आहे ‘जागतिक संघर्ष, शांतता आणि सामाजिक परिवर्तन’. पहिल्याच बैठकीत वक्त्यांची यादी वीसवर गेली. हे आवरायचं कसं?
— राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, सोलापूर

आधी नाव आवरा, यादी आपोआप आवरेल. ‘शांतता’ या विषयावर कुणालाही बोलता येतं, आणि बोलावलं तर तो बोलतोच. प्रत्येक सत्राचं नाव प्रश्नचिन्हाने संपलं पाहिजे, आणि त्या प्रश्नाला दोन जाणकारांची उत्तरं वेगवेगळी येण्याजोगी हवीत. ‘पाणी आणि संघर्ष’ हे नाव फलकापुरतं ठीक. त्याऐवजी असं विचारा: १९६० साली झालेला सिंधू पाणीवाटप करार १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही युद्धांत टिकला, मग एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित का केला, आणि स्थगित झाल्याने चिनाबचं पाणी खरंच अडतं का? आता वक्ते कोण हे प्रश्नच सांगतो. एक जलअभियंता लागेल, कारण साठवायला धरण नसेल तर पाणी अडत नाही. एक आंतरराष्ट्रीय कायद्याचा जाणकार लागेल. तिसरा बहुधा लागणार नाही.

दिवसाला एक मुख्य सत्र आणि एक करून पाहण्याचा उपक्रम, एवढंच ठेवा. पाच दिवसांत सात वक्ते पुष्कळ झाले.

तारखेबद्दल एक सूचना. जागतिक निर्वासित दिन २० जूनला येतो, तेव्हा आपल्याकडे प्रवेशाची धांदल असते. २४ ऑक्टोबरचा संयुक्त राष्ट्र दिन पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन, पण त्या सुमारास सत्रपरीक्षा असतात. दिनविशेषाच्या मागे न लागता विद्यार्थी हजर असतील तो आठवडा धरा. १० डिसेंबरच जमत असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहतांवर अर्धा तास जरूर ठेवा. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे इंग्रजी शब्द होते. ते बदलून ‘सर्व माणसं’ करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

‘रेझिलियन्स’ला मराठीत काय म्हणावं? पोस्टर अडून राहिलं आहे.
— समाजशास्त्र विभाग, लातूर

शब्दकोश ‘लवचीकता’ देईल. ती पोस्टरवर छापली तर लोक सतरंजी घेऊन योगासनांना येतील. या अर्थासाठी मराठीत नामापेक्षा क्रियापदं जास्त चांगली आहेत, आणि ती प्रसंगाप्रमाणे बदलतात. दुष्काळात माणूस तग धरतो, धक्क्यानंतर सावरतो, घर पडल्यावर पुन्हा उभा राहतो. सत्राचा विषय पाहून यातलं एक निवडा. तिन्ही एकत्र कोंबू नका.

शब्दापेक्षा मोठा धोका पुढे आहे. ‘लोकांनी कसं सावरलं’ याचं कौतुक करता करता ‘त्यांना सावरावं का लागलं’ हा प्रश्न सभागृहाबाहेर राहतो. लातूरकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात अतितीव्र नव्हती. बळी गेले ते मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या ओझ्याचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळल्यामुळे. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि घरं जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली गेली. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला घर मोठं. जुन्या गावाची उतरंड नव्या गावाच्या नकाशात अशी सरकारी मापाने उतरली. सामाजिक बदलावर तासभर बोलण्यापेक्षा हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि ‘तुम्ही अधिकारी असतात तर वाटप कशाच्या आधारे केलं असतं?’ एवढंच विचारा.

तुलनेसाठी नेपाळ घ्या. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर तिथे घरमालकाला स्वतः घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपये हप्त्यांनी दिले: पहिला ५० हजार, दुसरा दीड लाख, तिसरा एक लाख. पाया भूकंपरोधक निकषात बसला असं अभियंत्याने लिहून दिल्याखेरीज दुसरा हप्ता सुटत नसे. त्यामुळे घर मालकाच्या मनासारखं झालं, पण ज्या घरात बांधकामावर उभं राहायला माणूस नाही किंवा वरचा खर्च झेपत नाही, ते घर मागे राहिलं. दोन्ही पद्धतींचे तोटे आहेत आणि म्हणूनच चर्चा रंगते. एक वक्ता पुनर्वसित गावातली बाई असावी, दुसरा गवंडी. अभियंता तिसरा.

इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजांत मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभा होतात. आम्हाला ते मराठीतून करायचं आहे. चाळीसेक मुलं आहेत, एक वर्ग आहे. नियम वाचून डोकं गरगरतं.
— विद्यार्थी प्रतिनिधी, बुलढाणा

चाळीस जणांत १९३ देशांची आमसभा होत नाही, सुरक्षा परिषद मात्र नेमकी होते. देश १५, प्रत्येकी दोन प्रतिनिधी म्हणजे ३० जण. उरलेल्या दहांपैकी एक अध्यक्ष, दोन सचिव, एक वेळ राखणारा, बाकीचे पत्रकार. पत्रकारांनी दर तासाला अर्ध्या पानाचं बातमीपत्र काढून वाटायचं. त्यात आपलं म्हणणं चुकीचं छापून आलेलं पाहिलं की प्रतिनिधी नीट बोलायला लागतात.

विषय काल्पनिक नको. घडून गेलेली बैठक घ्या, म्हणजे शेवटी ताळा करता येतो. आमची शिफारस फेब्रुवारी २०२२ च्या परिषदेची आहे. कायम सदस्य पाच. निवडून आलेले दहा असे: अल्बानिया, आयर्लंड, केनिया, गॅबॉन, घाना, नॉर्वे, ब्राझील, भारत, मेक्सिको आणि संयुक्त अरब अमिराती. २५ फेब्रुवारीला युक्रेनवरील आक्रमणाबाबतचा ठराव मतास आला. बाजूने ११, विरोधात एक रशिया, तटस्थ तीन: चीन, भारत, अमिराती. ठराव पडला. दोनच दिवसांनी, २७ तारखेला, आमसभेचं आणीबाणीचं विशेष अधिवेशन बोलावण्याचा ठराव आला. मतं पुन्हा तीच, ११-१-३. हा ठराव मंजूर झाला.

मुलांना हे कोडं पहिल्या दिवशीच घाला. मतं तीच, निकाल उलटा, असं कसं? उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७ व्या कलमात आहे. कुठल्याही ठरावाला १५ पैकी ९ मतं लागतात, पण आशयाच्या ठरावावर कायम सदस्याचा एक नकार पुरतो आणि कामकाजाच्या ठरावावर तो नकार चालत नाही. २७ तारखेचा ठराव कामकाजाचा होता. पुढे २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी ठराव झाला, ३५ देश तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता. नकाराधिकारावरचं कुठलंही व्याख्यान यापेक्षा जास्त सांगत नाही.

तयारीला तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जोडीने आपल्या देशाचं एक पान लिहायचं, चारच प्रश्नांची उत्तरं देऊन: या वादात आपलं काय अडकलं आहे (गहू, तेल, शस्त्रं, तिथे शिकणारी आपली मुलं), आपण पूर्वी कसं मत दिलं, कोणत्या शब्दावर आपण अडून बसू, आणि काय मिळालं तर मत बदलू. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण लिहीतच नाहीत, म्हणून वाटाघाटी ठप्प होतात. दुसऱ्या आठवड्यात मसुदा लिहिण्याचा सराव. तिसऱ्यात एक तासाची रंगीत तालीम.

मसुद्याचे दोन भाग असतात. वरची कलमं पार्श्वभूमी सांगतात: ‘स्मरण करून’, ‘चिंता व्यक्त करून’, ‘दखल घेऊन’. खालची क्रमांकित कलमं काय करायचं ते सांगतात: ‘आवाहन करते’, ‘मागणी करते’, ‘निषेध करते’, ‘ठरवते’. या क्रियापदांची चढती भाजणी फळ्यावर लिहून ठेवा. खरा झगडा तिथेच असतो. ‘निषेध’ काढून ‘तीव्र खेद’ घातला की दोन मतं फिरतात. आमसभा सदस्य देशांना बहुतांश शिफारसच करू शकते, सुरक्षा परिषद ‘ठरवू’ शकते आणि २५ व्या कलमाप्रमाणे तिचे निर्णय सर्व सदस्यांवर बंधनकारक असतात, हे मुलांना माहीत असलं पाहिजे.

आता त्या डोकं गरगरवणाऱ्या नियमांविषयी. तयार नियमावल्यांत ‘मॉडरेटेड कॉकस’ नावाचा, अध्यक्षांच्या देखरेखीखाली छोट्या छोट्या भाषणांच्या चर्चेचा प्रकार सापडेल. खऱ्या संयुक्त राष्ट्रांत तो नाही, अभिरूप सभांनी तो बनवला आहे. वगळला तरी चालेल. सभा स्थगित करून पंचवीस मिनिटांची खुली बोलणी ठेवा, खरं काम तसंच होतं. दुसरी गोम हजेरीत आहे. बऱ्याच नियमावल्यांत हजेरीला ‘उपस्थित आणि मतदान करणार’ असं उत्तर दिलं की तटस्थ राहता येत नाही. मग भारताची भूमिका करणारी मुलगी सकाळी जोशात तसं म्हणून बसते, आणि संध्याकाळी भारताने प्रत्यक्षात जे केलं तेच तिला करता येत नाही. आमसभेच्या खऱ्या नियमात त्या शब्दांचा अर्थ निराळा आहे: तटस्थ राहणारा देश मतदान न करणारा धरला जातो आणि दोन तृतीयांशाची मोजणी फक्त होकार-नकारांवर होते. २ मार्चला १४१ अधिक ५ म्हणजे १४६ मतं झाली, त्यांच्या दोन तृतीयांशासाठी ९८ पुरेशी होती. तेव्हा हजेरीचा तो नियम सरळ काढून टाका.

भाषणाला ७५ सेकंद. भारत-पाकिस्तान वाद पहिल्या सभेला घेऊ नका. दोन मिनिटांत त्याची वृत्तवाहिनी होते. आणि रशियाची भूमिका करणाऱ्या मुलांना आधीच बजावा की माफी मागायची नाही, मत बदलायचं नाही. बक्षीस सर्वांत मोठ्या आवाजाला जाऊ नये असं वाटत असेल तर मंजूर मसुद्यातली किती कलमं कुणाच्या हातची आहेत ते सचिवांनी टिपून ठेवावं आणि त्यावर बक्षीस द्यावं. कोट-टाय लागत नाही.

परिसंवाद दीड तासाचा ठेवला, प्रश्नोत्तरांना पाच मिनिटंही उरली नाहीत. दर वेळी असंच होतं.
— वाङ्मय मंडळाचे कार्यवाह, नाशिक

वेळ वक्ते खात नाहीत, व्यासपीठ खातं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षीय मनोगत, आभार. घड्याळ लावून मोजा, पस्तीस-चाळीस मिनिटं भरतील. सत्कार आधी प्राचार्यांच्या दालनात उरकून घ्या, तिथे फोटोही चांगले येतात. परिचय छापून खुर्चीवर ठेवा.

मग हिशेब असा बसतो: प्रास्ताविक ५ मिनिटं, तीन वक्ते प्रत्येकी १२ म्हणजे ३६, संवादकाचे उलटप्रश्न १५, श्रोत्यांचे प्रश्न ३०, समारोप ४. चौथा वक्ता आला की प्रश्नोत्तरं गेली. संवादकाने वक्त्यांशी आठवडाभर आधी फोनवर बोलून कोण कुठे असहमत आहे ते काढून ठेवायचं. तिघे एकाच मताचे निघाले तर एक बदला, भिडेखातर ठेवू नका.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या. चिठ्ठ्या भाषणं चालू असतानाच गोळा करा, दोन स्वयंसेवकांनी त्या लावाव्यात, सारखे प्रश्न एकत्र करावेत. तोंडी प्रश्न घ्यायचेच असतील तर माईक स्वयंसेवकाच्या हातातून सुटू द्यायचा नाही. एकदा का तो श्रोत्याच्या मुठीत गेला की प्रश्नाचं भाषण होतं आणि परत मागणं जिवावर येतं.

गाझासारख्या विषयावर ‘दोन्ही बाजू’ मांडणारा कार्यक्रम घ्यावा का? प्राचार्य घाबरतात.
— इतिहासाचे प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

प्राचार्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. दोन बाजूंचे दोन वक्ते समोरासमोर बसवले की श्रोते कोंबड्यांची झुंज पाहायला आल्यासारखे बसतात. बाजूंप्रमाणे वाटणी न करता विषयाच्या अंगांप्रमाणे करा: एक इतिहास सांगेल, एक युद्धाचे कायदे, एक मदतकार्य कसं चालतं ते.

आठवडाभर आधी एक पान तयार करा. त्यावर दहा तारखा, विशेषण एकही नाही. उदाहरणार्थ, ‘२९ नोव्हेंबर १९४७: आमसभेचा १८१ क्रमांकाचा, पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव. बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. भारताचं मत विरोधात.’ हे पान सर्व वक्त्यांना पाठवा आणि कुणाला कुठली तारीख खटकते ते लेखी घ्या. वादग्रस्त शब्दांचाही निर्णय आधीच करा. ‘दहशतवादी’ म्हणायचं की ‘सशस्त्र गट’, ‘वसाहत’ की ‘वस्ती’, यावर व्यासपीठावर हमरीतुमरी होऊ देऊ नये. विद्यापीठाची लेखी परवानगी घेताना हेच पान जोडा. विषयाच्या नावापेक्षा पान पाहून सही लवकर मिळते.

निर्वासितांचा अनुभव देणारा खेळ घ्यायचा विचार आहे. काही मुलं सैनिक होतील, काही निर्वासित. कसा बसवावा?
— समाजकार्य विभाग, कोल्हापूर

असा बसवू नका. खोट्या बंदुका, आरडाओरडा, मग हशा, आणि कोपऱ्यात खरोखर महापुरात घर सोडावं लागलेली एखादी मुलगी गप्प. अर्ध्या तासात निर्वासित होता येत नाही. छावणी चालवणं कसं असतं, ते मात्र करून पाहता येतं.

कोल्हापूरला तर जागा घरचीच आहे. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, मुख्यतः बायका आणि मुलं. १९३९ नंतर पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकललेली, इराणमार्गे इथवर पोचलेली माणसं. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं वसली आणि आजचं गांधीनगर झालं. तेव्हा मुलांना सांगा: पाच हजार माणसं येताहेत, तुम्ही छावणीचे व्यवस्थापक आहात.

मोजमापं ‘स्फिअर’ या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांतून घ्या. किमान प्रमाण असं आहे: दरमाणशी दिवसाला १५ लिटर पाणी, छपराखाली ३.५ चौरस मीटर जागा, २० माणसांमागे एक संडास, २५० माणसांमागे एक नळ, आणि पाणी ५०० मीटरच्या आत. हिशेब मुलांनीच करायचा. पाणी रोज ७५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या आठ खेपा. नळ २०. संडास २५०. छपराखालची जागा १७,५०० चौरस मीटर.

मैदानावर फक्कीने पाच जणांच्या कुटुंबाची जागा आखा: ५ मीटर बाय ३.५ मीटर. पाच जणांना सामानासकट त्यात वीस मिनिटं बसवा. कुणी काही बोलायची गरज नसते. आपल्याकडचे पाण्याचे वीस लिटरचे जार आणून ठेवा. एका माणसाचं दिवसाचं पाणी एका जारपेक्षा कमी आहे, त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी ५५ लिटरचं आहे, तेही बाजूला लिहा.

मग अडचणी सोडा. पहिली: वीज गेली, नळ दिवसातून दोनच तास चालणार. मिनिटाला साडेसात लिटर धरले तर एक नळ दोन तासांत ९०० लिटर देतो, वीस नळ १८ हजार, म्हणजे माणशी ३.६ लिटर. तहान भागेल, पण भांडं विसळायला उरणार नाही. आता कुणाला आधी? दुसरी अडचण: संडास छावणीच्या टोकाला, उजेड नाही, बायका रात्री जात नाहीत. हलवायचे तर विहिरीच्या जवळ येतात. इथे गट हमखास भांडतात, भांडू द्या. तिसरी: शेजारच्या गावाला रोज टँकर येत नाही, छावणीला येतो, सरपंच दारात उभे आहेत. आमच्या मते या खेळाचा कस या तिसऱ्या अडचणीत लागतो, कारण बाहेरून आलेल्यांबद्दलचा राग कुठून येतो ते इथे कळतं.

दीड तासाच्या खेळानंतर निदान चाळीस मिनिटं बोलायला ठेवा. ती कापलीत तर खेळ सहलीसारखा संपतो.

पुण्यात अफगाणिस्तान, येमेनकडचे बरेच विद्यार्थी शिकतात. त्यांना अनुभव सांगायला बोलावलं तर?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

बोलवा, पण ‘अनुभव सांगा’ असं म्हणून नव्हे. शेती शिकणाऱ्याला शेतीवर, संगणक शिकणाऱ्याला त्याच्या शहरातल्या इंटरनेटवर बोलू द्या. युद्ध त्याला हवं तेव्हा तो स्वतः काढील. घरची माणसं तिकडे असतात, त्याचा व्हिसा इथे असतो. म्हणून चित्रीकरण नको, समाजमाध्यमांवर थेट प्रक्षेपण तर मुळीच नको, पोस्टरवर नाव-फोटो घालण्याआधी लेखी होकार घ्या आणि आदल्या रात्री नकार आला तरी कारण विचारू नका. कोणते प्रश्न नकोत हे त्याच्याकडूनच घ्या आणि संवादकाने ते स्वतःच्या तोंडाने अडवावेत.

मोठ्या सभागृहापेक्षा सहा-सात जणांच्या गटात वीस मिनिटं, असं तीनदा, हे जास्त चांगलं. ‘मानवी ग्रंथालय’ म्हणून जो प्रकार २००० साली डेन्मार्कमध्ये सुरू झाला तो साधारण असाच आहे. ते नाव मात्र त्या संस्थेचं आहे, परस्पर वापरू नका. ‘गप्पा’ म्हटलं तरी माणसं येतात.

माहितीपट दाखवायला परवानगी लागते का?
— चित्रपट मंडळ, गोवा

कॉपीराइट कायदा १९५७ च्या ५२ व्या कलमात शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण प्रेक्षक त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढेच असले तर. ‘सर्वांना खुला प्रवेश’ असं वर्तमानपत्रात छापलंत की सवलत गेली, मग हक्कधारकाला लिहून परवानगी घ्यावी लागते. घरगुती सदस्यत्वावरून ओटीटीवरचा चित्रपट हॉलमध्ये दाखवणं त्या कंपनीच्या अटींत बसेलच असं नाही, अटी वाचून घ्या. उघड्यावर दाखवणार असाल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी लागते, रात्री दहानंतर तो बंद, आणि शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात धरला जातो. पन्नास-साठ मिनिटांच्या वरचा माहितीपट निवडू नका, चर्चेला कुणी थांबत नाही.

परदेशातल्या वक्त्या ऑनलाइन बोलणार आहेत, इंग्रजीत. आमचे श्रोते मराठी. कशाची काळजी घ्यावी?
— ग्रंथपाल, रत्नागिरी

वेळेची आधी. युक्रेन आपल्यामागे हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत ठरवलेल्या बैठका हमखास हुकतात. नेपाळ आपल्या पुढे पंधरा मिनिटं, हे विसरून लोक वक्त्याला वाट पाहायला लावतात. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहा.

मग आवाजाची. लॅपटॉपचा आवाज हॉलच्या स्पीकरवर येतो, तिथून हॉलच्या माईकमध्ये जातो आणि वक्त्याला स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतं. माणूस अडखळतो, आपल्याला वाटतं नेटवर्क गेलं. ध्वनियंत्रणावाल्याला सांगा की मिक्सरमधून लॅपटॉपकडे परत जाणाऱ्या आवाजात फक्त हॉलचे माईक हवेत, लॅपटॉपचा स्वतःचा आवाज नको. त्याला ते जमत नसेल तर त्या बोलत असताना हॉलचे सगळे माईक बंद, आणि प्रश्नाच्या वेळी एकच चालू. मुख्य मांडणीचं बारा मिनिटांचं चित्रीकरण आधी मागवून ठेवा. वीज गेली तर निदान तेवढं दाखवता येतं.

थांबून थांबून अनुवाद केला तर वीस मिनिटांच्या भाषणाला चाळीस लागतात, तशी वेळ धरा. दर दोन-तीन वाक्यांनी थांबायला सांगा. अनुवादकाने ‘त्या म्हणतात की’ असं न म्हणता ‘मी’नेच बोलावं, निम्मे शब्द वाचतात. गावांची नावं, माणसांची नावं, आकडे यांची यादी आदल्या दिवशी त्याच्या हातात द्या. सर्वांत जास्त चुका आकड्यांत होतात: दशलक्ष म्हणजे दहा लाख, अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे एका कार्डावर लिहून समोर ठेवा. बोलण्याच्या भरात चांगले अनुवादकही शून्यं हरवतात.

खुर्च्या भरायला एनएसएसची मुलं आणून बसवावी लागतात. काय करावं?
— कार्यक्रम अधिकारी, परभणी

आणू नका. तीस खुर्च्या मांडा, गोलात. शंभर मांडून सत्तर रिकाम्या ठेवण्यापेक्षा ते बरं दिसतं. एनएसएसच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतातच, ते प्रेक्षक म्हणून न भरता वर सांगितलेल्या छावणीच्या आखणीत भरून घ्या. सात दिवसांच्या शिबिराचं गाव नदीकाठचं असेल तर पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा घराघरांतून विचारून भिंतींवर रंगवून घेता येतील. रंग ऑइलपेंट हवा, डिस्टेंपर पहिल्या पावसात जातो.